डीबगरच्या स्टॅक फ्रेमचे संदेश भाषांतरासाठी तयार कसे करतात?

प्रोग्राम चालता चालता कोसळला, की तो नेमका कुठे आणि कसा अडकला हे शोधायला डीबगर लागतो. सी आणि सी प्लस प्लससाठी लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा डीबगर म्हणजे जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला. त्यात ‘बॅकट्रेस’ ही आज्ञा दिली की स्टॅकमधल्या फ्रेम एकाखाली एक छापल्या जातात.

स्टॅक म्हणजे पंगतीच्या ताटांची चवड समजा. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं की चवडीवर एक ताट वाढतं, काम संपलं की ते निघतं. प्रत्येक ताट म्हणजे एक फ्रेम. सध्या चालू असलेल्या फ्रेमचा क्रमांक शून्य, तिला बोलावणारीचा एक, असं मोजत जायचं. फ्रेमच्या ओळीत क्रमांक, कधी मेमरीतला पत्ता, फंक्शनचं नाव, त्याला दिलेली आर्ग्युमेंट्स, फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. नुकतंच प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला याच ओळी सगळ्यात आधी वाचाव्या लागतात, आणि इंग्रजी कच्चं असेल तर तो इथेच अडखळतो.

वरवर पाहता भाषांतर सोपं वाटतं. ग्नू प्रकल्पाकडे १९९५ पासून ‘गेटटेक्स्ट’ नावाची व्यवस्था आहे. प्रोग्रामरने प्रत्येक संदेशाभोवती अंडरस्कोर आणि कंस अशी खूण करायची. मग एक साधन खूण केलेली सगळी वाक्यं गोळा करून भाषांतरकाराच्या फाइलीत टाकतं. प्रोग्राम चालताना मूळ वाक्याच्या जागी भाषांतर येतं, भाषांतर नसेल तर इंग्रजीच छापलं जातं.

खरी अडचण खुणेची नाही, वाक्याच्या बांधणीची आहे. फ्रेमची ओळ एकसंध वाक्य म्हणून लिहिलेली नसते. पत्ता छापायचा असेल तर आधी पत्ता, मग ‘इन’, मग फंक्शनचं नाव. पुढे ‘ॲट’ आणि फाइल. मूळ फाइलची माहितीच नसेल तर ‘फ्रॉम’ आणि लायब्ररीचं नाव. हे तुकडे कोडमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी छापले जातात. इंग्रजीत ते खपून जातं, कारण हे शब्द नावाच्या आधी येतात. मराठीत ‘मध्ये’, ‘येथे’, ‘मधून’ नावानंतर येतात.

म्हणजे ‘फ्रॉम’ या एकट्या तुकड्याला खूण केली आणि भाषांतरकाराने इमानदारीने ‘मधून’ लिहिलं, तर पडद्यावर ‘बेरीज () मधून लिबगणित’ असं दिसेल. फंक्शन लायब्ररीतून आलंय, पण वाचणाऱ्याला वाटेल लायब्ररीच फंक्शनमधून आली. इंग्रजी संदेश निदान कळला नसता, हा चुकीचा कळतो! आणि यात भाषांतरकाराचा काही दोष नाही, त्याच्या हातात दिलेला तुकडाच तसा होता. कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू, कोंकणी यांतही असे शब्द नावानंतरच येतात, त्यामुळे बेळगाव असो, बडोदा असो की हैदराबाद, ही फजिती सगळीकडे सारखीच.

उपाय असा, की तुकड्यांऐवजी अख्खी वाक्यं लिहायची. पत्ता आहे किंवा नाही हे दोन प्रकार. फाइल, लायब्ररी किंवा दोन्ही नाही हे तीन. एकूण सहा वाक्यं होतात. प्रोग्रामरला ती पुनरावृत्ती वाटते, पण सहा वाक्यं म्हणजे काही डोंगर नाही. वाक्यातल्या रिकाम्या जागांना क्रमांक देता आले तर भाषांतरकार फाइलचं नाव आधी आणि फंक्शन नंतर आणू शकतो. मात्र छपाईचं फंक्शन प्रकल्पाने स्वतः लिहिलेलं असेल, तर ते हे क्रमांक ओळखतं का, हे आधी तपासलेलं बरं.

मराठीत आणखी एक गाठ आहे ती सामान्यरूपाची. अनोळखी नावाला प्रत्यय थेट चिकटवला की वाचताना नाव कुठे संपलं तेच कळत नाही. त्यावर साधी युक्ती म्हणजे नाव अवतरणात ठेवून पुढे ‘या फंक्शनमध्ये’ लिहायचं. प्रत्यय ‘फंक्शन’ला लागतो, नाव जसंच्या तसं राहतं.

‘इन्फो फ्रेम’ ही आज्ञा एकाच फ्रेमची सविस्तर माहिती देते. तिच्यात आर्ग्युमेंट्सच्या संख्येसाठी तीन वेगळे तुकडे आहेत: एकही नाही, एक, आणि एकाहून जास्त. मराठीचं यात निभावतं. पण पोलिशमध्ये अनेकवचनाचे तीन प्रकार, अरबीत सहा, तर जपानीत एकच. म्हणून एक की अनेक हा निवाडा कोडमध्ये न करता गेटटेक्स्टच्या अनेकवचनाच्या फंक्शनवर सोपवायचा असतो. याच आज्ञेत ‘कॉल्ड बाय’ येतं. बोलावली, बोलावला की बोलावलं? फ्रेम ती, फंक्शन ते. इथे कोणाबद्दल बोलणं चाललंय हे संदेशाच्या वर टिपणीत लिहिलं, तर ती टिपणी भाषांतरकाराच्या फाइलीत पोचते. बहुतेक प्रोग्रामर ती लिहायचा कंटाळा करतात.

सगळेच तुकडे वाईट नसतात. स्टॅक मध्येच तुटला तर जीडीबी ‘बॅकट्रेस थांबला’ असं सांगून विसर्गचिन्हानंतर कारण देतो. कारण स्वतःच्या पायावर उभं असल्यामुळे दोन्ही भाग वेगळे भाषांतरित केले तरी चालतात.

रकाने जुळवून छापायचे असतील तर वेगळी काळजी लागते. सी भाषेतली नेहमीची छपाई रुंदी बाइटमध्ये मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘चौकट’ पडद्यावर तीन अक्षरं, मोजणीत १२ बाइट. दहाच्या रकान्यात हा शब्द बसला की पुढची जागा भरलीच जात नाही आणि तक्ता वाकडा होतो.

काय भाषांतरित करायचं नाही, हेही ठरवावं लागतं. फंक्शनची नावं, फाइली, रजिस्टर आणि आज्ञा तशाच राहतात. नाव न सापडल्यावर येणारी ‘??’ ही खूणही तशीच. शिवाय जीडीबीचं ‘एमआय’ नावाचं वेगळं तोंड आहे, ज्यातून संपादक आणि इतर प्रोग्राम त्याच्याशी बोलतात. तिथे ‘फ्रेम’, ‘लेव्हल’ ही क्षेत्रांची नावं बदलली तर ते प्रोग्राम बंद पडतील. पेच असा, की माणसासाठीची ओळ आणि यंत्रासाठीची ओळ बऱ्याचदा एकच कोड छापतो. अख्ख्या वाक्याचा उपाय तिथे सहज बसत नाही, आधी हे दोन मार्ग वेगळे करावे लागतात.

चाचण्यांचंही तसंच. जीडीबीच्या चाचण्या इंग्रजी मजकुराशी ताडून पाहतात, म्हणून त्या चालवताना भाषा मुद्दाम मूळ ‘सी’ लोकेलवर ठेवली जाते. मराठी संदेश सुरू असलेल्या संगणकावरून बगची तक्रार पाठवायची झाली, तर तोच लोकेल लावून बॅकट्रेस पुन्हा काढावा लागेल, नाहीतर पलीकडच्या माणसाला तो वाचता येणार नाही.