राखेखालचा इस्तू

आजीच्या लहानपणी आमचा अंबड तालुका निजामाच्या राज्यात होता आणि काडेपेटी जपून वापरायची वस्तू होती. निजताना चुलीतला निखारा राखेखाली दडपायचा, पहाटे राख सारून त्यावर फुंकर घालायची. विझलाच तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारणीकडून इस्तू मागून आणायचा. या रोजच्या कामातून त्या बायकांना आगीचं मर्म कळलं होतं. थोडी हवा ठेवली की ती रात्रभर तग धरते, पुरती तोडली की मरते.

आमच्या वडीगोद्रीत तेव्हा बंब कुणी पाहिलेला नव्हता. वैशाखातल्या वाऱ्यात पाचटाचं छप्पर पेटलं, की जाणती माणसं आधी जनावरांची दावी कापायची आणि मग शेजारचं न पेटलेलं छप्पर ओढून खाली पाडायची. चांगलं छप्पर मोडताना मालकाच्या जिवावर येई, पण त्यानंच आळी वाचे, असं आजोबा सांगत.

कापसाची आग मात्र वेगळी. भाव येईपर्यंत कापूस घरातच, माणसांच्या निजायच्या खोलीला लागून साठवायचा, ही आमच्याकडची रीत आजही आहे. आजोबांच्या तरुणपणी एका घरात अशा ढिगावर चिमणी कलंडली. लोकांनी घागरी ओतल्या, जाळ बसला, सगळे घरोघर गेले. पहाटे तेच घर पुन्हा पेटलं. पाणी वरच्या थरावरून ओघळून गेलं होतं; आत, पोटात, कापूस धुमसत राहिला होता. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर हेच मोठ्या रूपात घडलं. जहाजाच्या तळातल्या कापसाच्या गाठी धुमसू लागल्या, वरून ओतलेलं पाणी आगीच्या मुळाशी पोचलं नाही आणि शेजारच्या स्फोटकांनी पेट घेतला. 66 अग्निशामक जवान गेले. म्हणून कापसाचा जाळ बसला तरी काम संपत नाही. धोका नसेल तर ढीग बाहेर ओढायचा, फोडायचा, पुंजका न् पुंजका भिजवायचा आणि पुढची रात्र त्यावर पहारा ठेवायचा.

मग चिमणीतलं रॉकेल स्वयंपाकालाही आलं, पंपाच्या स्टोत. मला वाटतं, आमच्या बायकांच्या इतिहासातलं हे सर्वांत वाईट पान आहे. चुलीच्या आगीची रीत आयांकडून लेकींना मिळाली होती. स्टोची कुणीच शिकवली नाही. पेटलेल्या रॉकेलवर सवयीनं पाणी पडायचं आणि रॉकेल पाण्यावर तरंगत, जळत, उंबऱ्यापर्यंत पसरायचं. त्यातच नायलॉनची लुगडी आली, ती पेटली की वितळून अंगाला चिकटत. ‘स्टोचा भडका’ या दोन शब्दांखाली किती सुना गेल्या आणि त्यांतल्या कितींचा भडका खरोखर स्टोचा होता, याची कुजबुज घरोघर असे. हुंडाबळीचं कलम कायद्यात यायला 1986 उजाडलं.

थोरल्या आत्यानं एका पेटलेल्या शेजारणीला वाचवलं होतं. पळणाऱ्या बाईला तिनं जमिनीवर पाडलं आणि धनगरी घोंगडीत गुंडाळून लोळवलं. लोकर सहजी पेट घेत नाही. पळालं की वारा लागून जाळ वाढतो आणि उभ्या माणसाच्या तोंडाकडे चढतो, म्हणून आधी आडवं व्हायचं. रॉकेलवरही आत्या माती टाकायची. तीच राखेखालच्या निखाऱ्याची जुनी विद्या होती.

कढईतलं तेल पेटलं तरी तीच विद्या लागते. आजी बजावायची, “तेलावर पाणी टाकू नको बाई, घर जाळशील.” पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, त्या वाफेला सुमारे 1700 पट जागा लागते आणि ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते. शेगडी बंद करायची, कढई हलवायची नाही, परात एका कडेनं सरकवत झाकायची. ती लगेच उचलून बघायची नाही; तापलेलं तेल हवा लागताच पुन्हा पेटतं.

गॅसनं मात्र ही रीत बदलली; इथं जाळाआधी पुरवठा तोडायचा. नळीशी जाळ दिसला तर आधी रेग्युलेटर बंद करायचा, आचेमुळे हात नेता येत नसेल तर हाताला ओलं फडकं गुंडाळून. पुरवठा न तोडता नुसता जाळ विझवला, तर गॅस खोलीत साचत जातो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. नुसता वास आला तर विजेचं बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. दारं-खिडक्या उघडून बाहेर यायचं आणि 1906 वर फोन करायचा. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून चुलीवरच्या कित्येक घरांत सिलिंडर पोचला. एवढी माहिती त्याच्याबरोबर प्रत्येकीला तोंडी, करून दाखवून मिळायला हवी, असं मला तळमळून वाटतं.

विजेच्या आगीत आधी मेन स्विच पाडायचा. तोवर पाण्याला हातही लावायचा नाही, कोरडी वाळू चालते. धूर कोंडला असेल तर खाली वाकून बाहेर पडायचं, 101 किंवा 112 ला कळवायचं आणि कागदपत्रांसाठीसुद्धा परत आत जायचं नाही.

या सगळ्या गोष्टी मी घरातल्या मुलांना सांगते. आजीची एकच सांगत नाही. भाजल्यावर ती शाई ओतायची, कुणी हळद लावायचं, आता टूथपेस्ट लावतात. त्यानं जखम झाकली जाते, पण आतली उष्णता तशीच राहते. भाजलेला भाग वाहत्या, साध्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरायचा. सूज चढायच्या आत बांगड्या, अंगठ्या काढायच्या. अंगाला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. आणि स्वच्छ फडकं सैल गुंडाळून दवाखाना गाठायचा.