पत्री सरकारच्या गोष्टीत महारवाडा कुठे आहे?

ऑगस्ट आला की सातारा-सांगलीत बेचाळीसची भाषणे सुरू होतात. त्यातच कुणीतरी आपल्या पोरांना टोमणा मारतो, "बेचाळीसला तुमचे बाबासाहेब कुठे होते? इंग्रजांच्या सरकारात!" पोरे एकतर गप्प बसतात, नाहीतर चिडून पत्री सरकारलाच नावे ठेवतात. दोन्ही चूक.

पत्री सरकार खरे होते आणि मोठे होते. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजची बरीचशी सांगली त्यातच होती) गावोगावी न्यायदान मंडळे चालली, सावकार-गुंडांवर जरब बसली, साध्या खर्चात 'गांधी लग्ने' लागली. पण हे सगळे मुंबईच्या एका ठरावाने रातोरात उगवले, ही काँग्रेसी कथा खोटी आहे. कासेगावला आयुष्य घालवलेल्या डॉ. गेल ऑमव्हेट यांनी या उठावाची मुळे सत्यशोधक चळवळीत दाखवली. जलशांनी शेटजी-भटजींविरुद्ध बोलायला शिकवलेला शेतकरीच पुढे भूमिगत झाला. नाना पाटील स्वतः त्याच मुशीतले. म्हणजे ज्याला निव्वळ 'राष्ट्रीय' म्हणून मिरवतात, त्याच्या पायात फुले आहेत! आणि इतिहासाला असे उलटे प्रश्न विचारणे काही परदेशातून आलेले नाही. मूळच्या कटगुणच्या घराण्यातल्या जोतीरावांनी 1869 मध्ये शिवरायांचा पोवाडा लिहून तेच केले होते.

आता आपला प्रश्न. पत्री सरकारचे पुढारी बहुतेक मराठा शेतकऱ्यांची मुले. गावात 'आपले राज्य' आले, तेव्हा महारकीचे काय झाले? सांगावा नेणे, मेलेली ढोरे ओढणे, रात्री-अपरात्री सरकारी बोलावण्याला धावणे, हे सगळे वतनाच्या नावाखाली. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले होते. महार वतन कायद्याने गेले ते 1958 च्या कायद्याने. देश स्वतंत्र होऊन अकरा वर्षे झाली होती, बाबासाहेब जाऊन दोन.

'छोडो भारत'ला बाबासाहेबांचा विरोध होता, हे लपवायचे कारण नाही. जुलै 1942 पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आणणारी दुरुस्ती त्याच काळातली. ज्याच्या मानेवर दोन जोखडे आहेत, त्याने कोणते आधी काढावे हे तिसऱ्याने ठरवू नये.

तेव्हा पुढच्या क्रांतिदिनाआधी एक काम करा. गावच्या हुतात्मा स्तंभावरची आडनावे वाचा. मग वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारा, भूमिगतांना भाकरी कुणी पोचवली, निरोप कुणी नेले, मार कुणी खाल्ला. मोबाइलवर रेकॉर्ड करा. तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसे आज नव्वदीत आहेत.