पत्रिका न जुळलेला ब्रेक

मागच्या महिन्यात लेक सायकलवरून पडली तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे फोन आले. मी सगळ्यांना एकच सांगितलं, "पुढचा ब्रेक करकचून दाबला तिनं, दुसरं काय!" हाड आता छान जुळतंय. पण मी जे सांगितलं ते खरं नव्हतं, आणि प्रत्येकाला फोन करत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो. आई, तूही वाच.

तर झालं असं. गराज सेलमध्ये चाळीस डॉलरला 1991 सालची एक माउंटन बाइक मिळाली. बाकी सगळं ठणठणीत, फक्त ब्रेक जुन्या पद्धतीचे. मी हौसेनं ते काढून नवे 'व्ही-ब्रेक' बसवले. हँडलवरचे लिव्हर मात्र जुनेच ठेवले. त्या काळात लिव्हर आणि गिअरचा खटका एकाच तुकड्यात यायचे. लिव्हर बदलायचा तर गिअरचाही खर्च. म्हटलं, वायर ओढायचं तर काम, कुठलाही लिव्हर ओढेल!

आता थोडा इतिहास. (कंटाळा येईल त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर उडी मारावी :))

या जातीच्या सायकलींचं माहेर आमच्यापासून तासाभरावर आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत. 1970 च्या दशकात तिथली काही पोरं फुगीर टायरच्या जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यांवरून सुसाट खाली यायची. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये ब्रेक असे, पॅडल उलटं मारलं की लागणारा. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर, साधारण दोन मैलांत तेराशे फूट खाली, 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी पहिली शर्यत लावली. खाली पोचेपर्यंत हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि ते पुन्हा भरावं लागे. म्हणून उताराचं नाव 'रीपॅक'. म्हणजे माउंटन बाइकच्या इतिहासातलं पहिलं प्रसिद्ध नावसुद्धा ब्रेकच्या दुखण्यावरून पडलंय!

जो ब्रीझनं 1977 मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बनवली. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी धंदा सुरू केला, टॉम रिची त्यांच्यासाठी फ्रेम बनवी. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली आणि हा प्रकार दुकानादुकानांत पोचला. ब्रेक मात्र उसनवारीचे. फ्रान्सच्या माफाक कंपनीचे कँटिलिव्हर, आणि ते दाबायला चक्क मोटारसायकलचे लिव्हर. कँटिलिव्हरमध्ये रिमच्या दोन बाजूंना दोन आखूड हात असतात, त्यांना जोडणारी एक तार, आणि त्या तारेला मधोमध वर ओढणारी मुख्य वायर. ही आडवी तार किती उंच किंवा बुटकी ठेवता, त्यावर ब्रेकची ताकद बदलते. मेकॅनिकची परीक्षाच ती.

मध्यंतरी, 1986-88 च्या सुमारास, बऱ्याच कंपन्यांनी मागचा ब्रेक पॅडलच्या मागे, चेनजवळच्या नळ्यांखाली टाकून पाहिला. तिथे चिखल भरायचा. ते खूळ लवकरच उतरलं.

मग 1996 मध्ये शिमानोनं व्ही-ब्रेक आणला. आडवी तार गेली. दोन लांब उभे हात, शंभर मिलिमीटरहून लांब, आणि वायर एका हातातून थेट दुसऱ्याला खेचणारी. रबर खिळ्यापासून साधारण 25 मिलिमीटरवर, म्हणजे नुसत्या हाताच्या लांबीनंच जोर चौपट होतो. पण तरफेचा हिशोब शाळेत शिकलोय आपण: जोर वाढला की अंतर मोजावं लागतं. हात लांब, म्हणून वायर जवळजवळ दुप्पट ओढावी लागते. म्हणून शिमानोनं सोबत नवे लिव्हरही दिले, वायर दुप्पट ओढणारे आणि जोर निम्मा लावणारे. ब्रेकनं वाढवलेलं लिव्हरनं आवरायचं, अशी ही जोडी.

आता पत्रिका चुकली तर? नवा लिव्हर आणि जुना कँटिलिव्हर असेल, तर लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो आणि सायकल थांबत नाही. निदान ते लगेच कळतं. उलटं केलं, म्हणजे मी केलं तसं, तर जोरावर जोर चढतो. लिव्हर लोण्यासारखा मऊ. वायर पुरत नाही म्हणून रबरं रिमला अगदी चिकटवून ठेवावी लागतात, आणि जरा दाबलं की चाक जागच्या जागी बंद.

तो लोण्यासारखा मऊपणा मला आवडला होता, ही खरी गोम. मी बाबांच्या सळ्यांच्या ब्रेकवाल्या काळ्या सायकलवर शिकलो. पावसात ती थांबवायची म्हणजे चपला घासायच्या. ब्रेक कमी लागणं हाच दोष, जास्त लागणं हा दोष असू शकतो हे डोक्यातच कधी आलं नाही.

लेक दवाखान्यात म्हणत होती, "बाबा, मी हळूच दाबला होता." मी म्हटलं, "असं वाटतं पडल्यावर." पंधरा दिवसांनी सायकल आवरताना सहज एका बोटानं लिव्हर दाबून सायकल पुढे ढकलली, तर मागचं चाक उचललं गेलं. एका बोटानं! बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

शेल्डन ब्राउन नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या एका मेकॅनिकनं इंटरनेटवर हे सगळं कधीच लिहून ठेवलंय. तो 2008 मध्ये गेला, त्याचे लेख अजून आहेत. मी आधी नव्हते वाचले. वायरीचं अंतर वाढवणारी छोटी पुलीही मिळते म्हणे. मी मात्र खोक्यातले जुने कँटिलिव्हरच पुन्हा चढवले आणि आडवी तार तीन संध्याकाळी खपून जुळवली.

लेकीला सांगितलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "आजीला पण सांग."

सांगितलं.