तळटीप : कणांच्या वाटा

येथे उल्लेखिलेले नॉर्वेचे गणिती म्हणजे कार्ल स्टॉर्मर (१८७४–१९५७). भौतिकशास्त्रज्ञ बिर्कलँड यांनी निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून कृत्रिम ध्रुवीय प्रकाश निर्माण केला होता. त्यातून प्रेरणा घेऊन स्टॉर्मर यांनी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातील विद्युत्भारित कणाची वाट टप्प्याटप्प्याने, हाताने आकडेमोड करून काढली. इलेक्ट्रॉनिक संगणक नसताना, विद्यार्थ्यांना हाताशी धरून केलेले हे श्रम थक्क करणारे आहेत. मात्र त्यांचा कण एकटा होता. प्रत्यक्षात असंख्य कणांचा प्रवाह ते क्षेत्रच बदलतो. म्हणून आजची संगणकीय प्रतिरूपे कण आणि क्षेत्र दोन्ही क्षणोक्षणी नव्याने मोजतात. शिवाय ध्रुवीय प्रकाशाच्या झगमगत्या पट्ट्यांतील इलेक्ट्रॉनांना निर्णायक वेग सूर्यापाशी नव्हे, पृथ्वीपासून काही हजार किलोमीटरांवर मिळतो. स्टॉर्मर यांच्या समीकरणांत या वेगवाढीला जागा नव्हती. — संपा.