प्रकाशसंश्लेषणातील प्रकाशग्रहण

वनस्पतीच्या हिरव्या भागांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातील ऊर्जा हरितद्रव्याच्या योगे शोषली जाऊन ती रासायनिक कार्यास उपलब्ध होणे, हा प्रकाशसंश्लेषणाचा आद्य टप्पा होय. साधारणतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश या कामी येतो; त्यातही जांभळ्या-निळ्या व तांबड्या किरणांचे शोषण अधिक. टेओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये हिरव्या शैवलाच्या तंतूवर सूक्ष्मदर्शकाखाली वर्णपट पाडला, तेव्हा ऑक्सिजनाकडे ओढ घेणारे जीवाणू नेमके या दोन पट्ट्यांत दाटीने गोळा झाले. एवढ्या अल्प सामग्रीनिशी निसर्गाकडून इतके निःसंदिग्ध उत्तर मिळविणारा प्रयोग विरळाच. हिरवा प्रकाश पानास सर्वस्वी निरुपयोगी असतो, हा रूढ समज मात्र यथार्थ नव्हे. पानाच्या अंतर्भागात पेशींवरून विखुरत जाताना त्याचाही बराच अंश शोषला जातो.

हरितकणूंतील थायलॅकॉइड पटलांत प्रथिनांशी निगडित असलेला हरितद्रव्याचा प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे रासायनिक कार्य करीत असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रॉबर्ट इमर्सन व विल्यम आर्नल्ड यांनी क्लोरेला या शैवलावर क्षणमात्र टिकणारे प्रखर झोत टाकून केलेले मापन १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि एका झोतात ऑक्सिजनाचा एक रेणू मुक्त होण्यामागे हरितद्रव्याचे अडीच हजारांच्या आसपास रेणू असतात, असे त्यातून दिसून आले. म्हणजे बहुसंख्य रेणू हे केवळ संग्राहक असून, गावोगावचा महसूल मुख्य कचेरीच्या खजिन्यात जमा व्हावा त्याप्रमाणे ते आपली ऊर्जा एकमेकांमार्फत, सेकंदाच्या अब्जांशाहूनही अल्प अवधीत, मोजक्या विक्रियाकेंद्रांच्या हवाली करतात. पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडे या वसुलीस हातभार लावतात, आणि प्रकाश बेसुमार झाला असता पटलांचे संरक्षणही करतात.

संग्राहक रेणू व विक्रियाकेंद्रे यांचा संबंध तुटल्यास काय होते, हे पालकाच्या पानांचा अल्कोहॉलातील अर्क तीव्र प्रकाशात धरल्यास प्रत्यक्ष दिसते: एरवी हिरवागार असलेला तो द्रव बाजूने पाहता गडद तांबडा भासतो, कारण विक्रियाकेंद्राअभावी शोषलेल्या ऊर्जेचा मोठा अंश तांबड्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. जिवंत पानात अशी गळती फार थोडी.

विक्रियाकेंद्रे दोन प्रकारची असून त्यांची शोषणशिखरे अनुक्रमे ६८० व ७०० नॅनोमीटरजवळ असतात. ऊर्जा पोहोचताच तेथील हरितद्रव्यातून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. पहिल्या केंद्रातील तूट पाण्याच्या विघटनातून भरून निघते व त्यातूनच ऑक्सिजन मुक्त होतो. ऑक्सिजनाच्या एका रेणूसाठी दोन्ही केंद्रे मिळून किमान आठ प्रकाशकण खर्ची पडतात.