औरंगाबादचे पाणी: नहरीपासून नाथसागरापर्यंत

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, खाम नदीच्या काठी वसले आहे. पण पावसाळा सरल्यावर शहराची तहान भागवावी एवढी ही नदी कधीच मोठी नव्हती. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी येथे, म्हणजे याच जागी, राजधानी वसवली, तेव्हा पाणी बाहेरूनच आणावे लागले. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीखाली बोगदे खोदायचे, त्यांत झिरपणारे पाणी गोळा करायचे आणि केवळ उताराच्या बळावर ते शहरात उतरवायचे, अशी नहर-ए-अंबरीची रचना होती. हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी वाटेत विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असत. बंब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंच मनोऱ्यांत पाणी चढवून त्याचा दाब आवरला जाई आणि खापरी नळांतून ते हौदांपर्यंत पोहोचे. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरत असे.

शहर वाढले तशा नहरी अपुऱ्या पडल्या आणि हर्सूलचा तलावही पुरेना. मग नजर गोदावरीकडे वळली. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. मराठवाड्याच्या शेतीसाठी हे धरण व्हावे म्हणून शंकरराव चव्हाणांनी आग्रह धरला होता. धरणाच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जिवंत साठा सुमारे ७६. शहराला या साठ्यातून पाणी मिळू लागले, पण ते पंपाने चढवून, लांबच्या जलवाहिन्यांतून.

नाथसागर भरणे मात्र मराठवाड्याच्या हातात नव्हते. वरच्या अंगाला नाशिक आणि नगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा ही धरणे आहेत आणि त्यांच्या लाभक्षेत्रात ऊस व द्राक्षांच्या बागा उभ्या आहेत. कमी पावसाच्या वर्षी ही धरणे आधी भरतात. जायकवाडीच्या वाट्याला उरलेसुरले येते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईच्या काळात खोऱ्यातील साठे समन्यायी प्रमाणात राखण्याचे तत्त्व घालून दिले. तरी ते अमलात यायला या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल, प्राधिकरणाचा २०१४ चा निर्णय आणि मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल एवढी मजल मारावी लागली. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल, तर वरून पाणी सोडायचे असे ठरले. तरीही तुटीच्या वर्षी वाद पेटतोच. २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही वरच्या भागातून कडाडून विरोध झाला आणि मराठवाड्यात आंदोलने झाली.

या भांडणात शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुद्दा हमखास पुढे केला जातो. हिशेब मांडला तर चित्र निराळे दिसते. शहराला रोज साधारण १३ कोटी लिटर पाणी मिळत आले आहे. वर्षाला ते दोन टीएमसीसुद्धा होत नाही. नाथसागर उथळ आणि पसरट असल्याने याच्या कितीतरी पट पाणी उन्हाने उडून जाते. म्हणजे नदीवरचा तंटा मुख्यतः शेतीचा आहे. शहराची अडचण धरणाच्या खाली, नळात आहे. ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या वाहिन्यांवर काम भागवताना फुटणे, गळती आणि वीज जाणे यांत दिवस वाया जातात. म्हणून धरण काठोकाठ भरलेल्या वर्षीही कित्येक वसाहतींत आठवड्यातून एकदाच पाणी येते. त्या दिवशी पिंप, टाक्या, कळशा, हंडे सगळे भरून ठेवावे लागते, आणि वाहिनी फुटली की टँकर मागवावा लागतो.

त्यावर उपाय म्हणून आखलेली समांतर जलवाहिनी खासगी भागीदारीच्या करारात अडकली. २०११ चा तो करार महापालिकेने २०१६ मध्ये रद्द केला. पाच वर्षे अशी गेली, आणि ती शहराला फार महाग पडली. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तीत २,५०० मिलिमीटर व्यासाची मुख्य वाहिनी आणि नाथसागरात नवी उद्भव विहीर आहे. काम रेंगाळत गेले तसा खर्चाचा अंदाजही वाढून २,७०० कोटींच्या पुढे गेला.