लपविलेली लेक

धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देताना आम्हांला कधी कधी एखादी बंद खोली आढळते. पाहुणे आले की घरातील एका लेकराला तेथे नेले जाते. त्यामागे दुष्टपणा नसतो. लोक काय म्हणतील, हे भय असते. अशा वेळी आम्हांला इटलीतील संत मार्गारेटचे स्मरण होते.

तिचा जन्म 1287 साली मध्य इटलीतील मेटोला येथील गढीत, एका सरदार घराण्यात झाला. ती जन्मांध होती. पाठीला कुबड, बांधा खुजा, पायाने अधू. मातापित्यांना तिची लाज वाटली. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी तिला प्रार्थनामंदिरालगतच्या कोठडीत ठेवले, असे चरित्रकार सांगतात. पुढे चित्ता दी कास्तेल्लो ह्या नगरात एका फ्रान्सिस्कन बंधूच्या कबरीपाशी रोगी बरे होतात, असे कानी आल्यावर त्यांनी तिला तेथे नेले. चमत्कार घडला नाही. तिला तेथेच सोडून ते निघून गेले.

ह्या टाकलेल्या मुलीस नगरातील गोरगरिबांनी आधार दिला. एका मठाने तिला आत घेतले आणि पुढे बाहेरही काढले. अखेरीस तिने डॉमिनिकन तृतीय संघाचा वेष धारण केला. आश्रय देणाऱ्या घरांतील मुलांना ती शिकवी. आजाऱ्यांना व बंदिवानांना भेटे. तिचे शरीर होते तसेच राहिले. परंतु ज्या नगरात ती कोणाचीच नव्हती, त्या नगराची ती लेक झाली. 13 एप्रिल 1320 रोजी, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, ती प्रभुचरणी विलीन झाली.

पोप फ्रान्सिस ह्यांनी 24 एप्रिल 2021 रोजी तिला संतपद बहाल केले. ही घोषणा नव्या चमत्काराच्या औपचारिक चौकशीविना झाली, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. मातापित्यांनी तिला आपली म्हणण्यासाठी चमत्काराची वाट पाहिली. ख्रिस्तसभेने ती पाहिली नाही.

आम्ही धर्मगुरूही ह्या दोषातून सुटलेलो नाही. असे लेकरू समोर आले की त्याच्या डोक्यावरून आम्ही आईलाच विचारतो, ‘ह्याचे नाव काय?’ वाचकहो, ओळख अशीच हिरावली जाते, आणि परत देण्याचा मार्गही तितकाच साधा आहे. खोलीचे दार उघडावे, लेकराजवळ बसावे आणि त्याचे नाव त्यालाच विचारावे. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबावे.